कादंबरीचं पान खोडून उरलेली कविता: खेळायला या

धागाकर्ती: ओसरी

१९६६ साली टॉम फिलिप्स नावाच्या लंडनच्या चित्रकाराने स्वतःलाच एक अट घातली. पेकहॅम राय भागात जुन्या फर्निचरचं एक गोदाम होतं. तिथे जायचं, तीन पेन्सला मिळेल ते पहिलं बरं पुस्तक उचलायचं आणि पुढे जे काही करायचं ते त्याच पुस्तकावर. हाताला लागली डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची १८९२ सालची 'अ ह्यूमन डॉक्युमेंट' ही कादंबरी. आज मॅलॉकबुवांच्या या कादंबरीचं नाव कोणी घेत असेल तर ते फिलिप्समुळेच. त्याने एकेक पान घेतलं, मोजके शब्द राखले आणि बाकीचं रंगवून, रेघोट्या मारून, चित्रं काढून झाकून टाकलं. राखलेल्या शब्दांची कविता झाली. कधी दोन ओळींची, कधी जेमतेम चार शब्दांची. छापील मजकुरात शब्दांमधल्या मोकळ्या जागा एकाखाली एक येऊन पांढरे ओहोळ दिसतात ना, तसल्या ओहोळांनीच त्याने हे शब्द एकमेकांना जोडले. आपली नजर त्या ओहोळातून घरंगळत खाली जाते.

पुस्तकाचं नावही असंच सापडलेलं. पानाच्या माथ्यावर छापलेल्या मूळ नावाला घडी पडली, मधली अक्षरं लपली आणि 'अ ह्युमूमेंट' एवढं उरलं. मला सगळ्यात आवडतो तो त्यातला नायक. बिल टोज. मूळ कादंबरीत असा कोणी नाही. त्याचं आडनाव 'टुगेदर' आणि 'ऑलटुगेदर' या शब्दांच्या पोटातून कापून काढलंय, त्यामुळे ज्या पानावर यांतला एखादा शब्द असेल त्याच पानावर हा बापडा येऊ शकतो. एरवी कितीही मनात असलं तरी प्रवेश नाही. आणि हा गडी अख्खं पुस्तकभर एका बाईच्या मागे झुरतोय!

१९८० ते २०१६ या काळात 'अ ह्युमूमेंट'च्या सहा आवृत्त्या निघाल्या आणि दर खेपेला फिलिप्स जुनी पानं काढून नवी घालत गेला. २०२२ मध्ये तो गेला. म्हणजे पन्नास वर्षं एकाच कादंबरीशी झटापट. आपल्याकडे पीएचडीवालेही एवढे टिकत नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मराठीत असं काही करून बघावं असं डोक्यात आहे. मला चित्र काढता येत नाही, तेव्हा फक्त शब्दांचं बोलते. सगळे शब्द एकाच पुस्तकातले, जमल्यास एकाच पानावरचे. पदरचा एकही शब्द घालायचा नाही. बारा शब्दांच्या आत आटपायचं. आणि ज्या क्रमाने शब्द छापलेत तो क्रम मोडायचा नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शब्द हवे तसे पुढेमागे करायची मुभा दिली की आपण आपल्या नेहमीच्याच चारोळ्या पाडायला लागतो, फक्त शब्द उसने. क्रम पाळला तर आपल्या मनात नसलेलं वाक्य तयार होतं. पुस्तक अडवतं आणि आपण वाट काढतो, मजा आहे ती तिथे.

सुरुवातीला सगळ्यांच्या घरात असलेलं पुस्तक घेऊ. 'श्यामची आई', आणि त्याची फक्त अनुक्रमणिका. त्यातली ही काही प्रकरणं, क्रमाने:

अक्काचे लग्न, मुकी फुले, थोर अश्रू, पत्रावळ, मोरी गाय, पर्णकुटी, श्यामचे पोहणे, श्रीखंडाच्या वड्या, अळणी भाजी, दूर्वांची आजी, आनंदाची दिवाळी, सोमवती अवस, लाडघरचे तामस्तीर्थ, कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक, गरिबांचे मनोरथ, आईचे चिंतामय जीवन, तेल आहे तर मीठ नाही, अब्रूचे धिंडवडे, आईचा शेवटचा आजार, सारी प्रेमाने नांदा, शेवटची निरवानिरव, भस्मासुर.

माझी बोहनी:

दिवा
तेल आहे
नाही
आई

'दिवा' दिवाळीतून काढलाय. टोजला चालतं तर मला का नाही?

तात्पुरता

वाखूसा (वाचनखूण साठवली). मोबाइलवर आहे, रात्री सविस्तर.

सुपारीबाग

ओसरीताई, पहिली हरकत माझी. 'श्यामची आई' कादंबरी नाही. बेचाळीस रात्री सांगितलेल्या आठवणी आहेत त्या. पण आमच्या दापोली तालुक्यातलं पुस्तक निवडलंत म्हणून गुन्हा माफ. पालगड आमच्यापासून लांब नाही आणि लाडघरला तर आम्ही उठसूट जातो. तामस्तीर्थाजवळ समुद्राचं पाणी तांबूस दिसतं ते खरंच.

तर लाडघरावरूनच:

घर
कर्ज
तेल
मीठ
आजार
निरवानिरव

क्रम तपासून घ्या, कुठेही उडी मागे नाही. बायकोला वाचून दाखवलं. तिला वाटलं मी बँकेचा मेसेज वाचतोय.

तात्पुरता

आईशप्पथ. साने गुरुजींनी गृहकर्जावर कविता लिहून ठेवली होती आणि आपल्याला पत्ता नाही.

जुनीवही

मला हा प्रकार पटलेला नाही, आणि गोड शब्दांत सांगणं जमणार नाही. नाशिकच्या तुरुंगात बसून एका माणसाने आईची आठवण जागवत हे पुस्तक लिहिलं. कित्येक घरांत ते पोथीसारखं वाचलं गेलं. त्यावर काळा मार्कर फिरवायचा आणि उरलेल्या चार शब्दांखाली स्वतःचं नाव घालायचं, ही कविता कशी? शब्द त्यांचे, दुःख त्यांचं. 'दिवा, तेल आहे, नाही, आई' हे वाचून माझ्या पोटात कालवलं हे कबूल, पण ते का कालवलं? मूळ पुस्तक मला पाठ आहे म्हणून. ते काढून घ्या आणि ज्याने वाचलं नाही त्याला हे चार शब्द दाखवा. काय कळणार त्याला? तुमच्या कवितेची सगळी ताकद मूळ पुस्तकाच्या खात्यावरची आहे.

आणि लंडनच्या त्या चित्रकाराने कोणी न वाचणारी कादंबरी उचलली होती. हा फरक फार मोठा आहे. विस्मृतीत गेलेलं पुस्तक वर काढणं वेगळं आणि लोकांच्या काळजातलं पुस्तक खरवडणं वेगळं.

ओसरी

जुनीवही, दुसरा मुद्दा अगदी योग्य आहे आणि मला तो सुचला नव्हता. पहिला मात्र मान्य नाही. मूळ पुस्तकाच्या जोरावर उभी राहते म्हणून कविता खोटी, असं म्हटलं तर विडंबन गेलं आणि निम्मी आख्यानकविताही गेली. मोरोपंतांनी महाभारत काय घरून आणलं होतं? ऐकणाऱ्याला कथा माहीत आहे हे धरूनच सगळा खेळ.

शिवाय मी पुस्तकावर मार्कर फिरवलेला नाही. घरची प्रत आजीची आहे, तिला हात लावीन तर हात झडतील.

काळाकोट

कायद्याचं एवढंच: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ च्या १ जानेवारीपासून पुस्तक मुक्त. हयात लेखकांच्या बाबतीत जरा जपून. कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमाने लेखकाला त्याच्या कृतीच्या विपर्यासाविरुद्ध उभं राहण्याचा वेगळा हक्क दिलाय. धाग्यावर तीन शब्द टाकल्याने कोणी कोर्टात खेचणार नाही, पण अख्खं पुस्तक खोडून छापायला निघालात तर परवानगी घ्या.

गवतीचहा

जुनीवहींच्या आक्षेपावरून एक पुस्तक आठवलं. जोनाथन सफ्रान फोअर या अमेरिकन लेखकाचं 'ट्री ऑफ कोड्स', २०१० सालचं. मूळ पुस्तक ब्रूनो शुल्झ या पोलिश लेखकाचं, इंग्रजी अनुवादातलं नाव 'स्ट्रीट ऑफ क्रोकोडाइल्स'. नावातली काही अक्षरं कापली की 'ट्री ऑफ कोड्स' उरतं. शुल्झही कथाच, कादंबरी नव्हे, तेव्हा सुपारीबागकाका, तुमची हरकत इथेही लागू!

यात खोडलेलं काही नाही. नको असलेले शब्द पानातून खरोखर कापून काढलेत. पान म्हणजे खिडक्या खिडक्यांची चाळण. माझ्याकडे प्रत आहे. वाचताना पानामागे कोरा कागद सरकवावा लागतो, नाहीतर खालच्या पाच-सहा पानांवरचे शब्द भोकांतून वर डोकावतात आणि वाक्यात घुसतात. पहिल्यांदा मी कागद न सरकवताच वाचत बसले होते आणि तेही वाईट नव्हतं. पान उलटताना फार जपावं लागतं, पट्टी पट्टीत अडकते.

महत्त्वाचं हे की शुल्झ ज्यू होता. १९४२ साली द्रोहोबिच या त्याच्या गावात गेस्टापोच्या माणसाने त्याला भर रस्त्यात गोळी घातली. तो लिहीत असलेल्या कादंबरीचं हस्तलिखित आजवर सापडलेलं नाही. त्याच्या पुस्तकाला पाडलेली भोकं बघताना हे डोक्यात असतं. म्हणजे काढून टाकलेल्या जागेलाही अर्थ असतो. शब्द पुसणं म्हणजे लेखकाचा अपमानच, असं सरसकट नाही म्हणता येणार.

जुनीवही

हे उदाहरण चांगलं आहे. त्यात भोकाला कारण आहे. इथल्या गृहकर्जाच्या कवितेत काय कारण आहे ते मला अजून दिसलेलं नाही.

सुपारीबाग

वीस वर्षांचा हप्ता आहे साहेब, याहून मोठं कारण कुठून आणू?

अर्धविराम

कारागिरीचं बोलतो. इंग्रजीवाल्यांना हा खेळ सोपा जातो, कारण त्यांचे 'ऑफ', 'टू', 'विथ' सुटे पडलेले असतात. हवा तेव्हा उचलला. आपले प्रत्यय शब्दाला चिकटलेले, आणि चिकटताना शब्दाचा चेहरा बदलून टाकतात. 'गरिबांचे' मधला प्रत्यय काढला की हातात 'गरिबां' येतं, त्याचं करायचं काय? 'प्रेमाने' मधून 'प्रेम' मिळत नाही, 'प्रेमा' मिळतं. हाक मारल्यासारखं. 'जीवन', 'अश्रू', 'नरक' असे प्रथमेतले शब्द सापडेपर्यंत थांबायचं, नाहीतर प्रत्ययासकट घ्यायचं.

'आई' मात्र कुठूनही सही सलामत निघते. आईचा, आईने, आईला, शेपूट छाटलं की आई आहे तशी. बापाचा प्रत्यय काढला की 'बापा' होतो. आता या पुस्तकात हे असं असावं याला काय म्हणावं!

लिंगवचनाचाही घोळ. एखादं क्रियापद आवडलं तर त्याला जुळणारा कर्ता आधीच्या ओळींत असायला हवा. पुल्लिंगी क्रियापद आणि मागे सगळ्या बायका, असं फार होतं. मी 'आहे', 'नाही', 'नांदा' असली कोणालाही चालणारी क्रियापदं आधी शोधून ठेवतो आणि त्यांच्याभोवती नामं गोळा करतो. उलटं केलं की अडकायला होतं.

माझी एक:

मुकी
दूर
आजी

पिवळीपानं

अर्धविराम, 'दूर' कुठून आणलात? 'दूर्वांची आजी' मधून? तिथे 'दूर' नाही हो. दू आहे आणि पुढे र्वां आहे. रफार 'वां'च्या डोक्यावर बसलाय. तुम्ही मार्करने 'वांची' खोडलंत तर रफारही जाणार. उरणार नुसता 'दू'.

अर्धविराम

उच्चारात र आधी येतो. दूर्-वां. कानाला 'दूर' ऐकू येतं.

पिवळीपानं

कविता खोडून करायची आहे ना? मग डोळ्याला दिसलं पाहिजे. कानाने करायची असेल तर वेगळा धागा काढा.

शून्यएक

मध्येच तोंड घालतो. युनिकोडात 'दूर्वा' साठवताना क्रम असा: द, ऊकार, र, हलन्त, व, काना. म्हणजे संगणकाच्या पोटात 'दूर' अखंड आहे, हलन्ताचं काय ते बघा. अर्धविरामांच्या बाजूने एक मत.

पिवळीपानं

म्हणजे आता मशीन साक्षीला येणार. चालू द्या.

ओसरी

निवाडा: हाताने कागदावर करणाऱ्यांना 'दूर' मिळणार नाही, टंकणाऱ्यांना मिळेल. दोन्ही बाजूंनी शांत व्हावं. कविता छान आहे हे कोणी बोललंच नाही.

वगैरे_वगैरे

'कोसला'! १९६३ सालच्या कादंबरीच्या पहिल्या दोनच वाक्यांतून:

मी
उदाहरणार्थ
आहे

बास. यापुढे त्या पुस्तकातून कोणी काही काढू नये. काळाकोट साहेब, तीनच शब्द आहेत.

गवतीचहा

दंडवत! हे कोणीच लिहिलेलं नाही आणि पहिल्या पानावर साठ वर्षं उघड पडून आहे.

जुनीवही

ही मला आवडली. कारणही सांगतो. यात मूळ पुस्तकाच्या भावनेवर डल्ला नाही. पांडुरंग सांगवीकर ज्या लकबीने बोलतो ती लकबच पकडून तिचा अर्क काढलाय. 'उदाहरणार्थ' हा शब्द कादंबरीत टाइमपास केल्यासारखा येतो आणि इथे तो एकदम वजनदार होऊन बसतो. माणूस स्वतःच्या असण्याचं उदाहरण. हे पुस्तकाविषयी काहीतरी सांगणं झालं. बाकीचं पुस्तकावर चढून सांगणं आहे.

खडू_फळा

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. हा धागा वाचून आठवीच्या वर्गाला अनुक्रमणिकेच्या झेरॉक्स वाटल्या. सूचना एकच दिली, नियम ओसरीताईंचेच. पोरांनी आधी भरपूर खाण्यापिण्याचं केलं. एकाची ही, वर्गात हशा:

श्रीखंडाच्या वड्या
आनंदाची दिवाळी
वडे
आजार

'वडे' कुठून आले असं मी विचारलं तर म्हणतो, बाई, धिंडवडे. आता याला मार्क द्यावेत की कान पिळावा!

मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने कागद आणून दिला. ती वर्गात फारशी बोलत नाही. तिने पहिल्या दहा शीर्षकांच्या पुढे मजल मारलीच नव्हती. सगळं काळं केलेलं, निळ्या पेनाने, कागद फाटायला आलेला, आणि मध्ये उरलेलं एवढंच:

अक्काचे लग्न
मुकी
गाय

मी 'छान' म्हणून परत देऊ शकले नाही. ठेवून घेतला.

सुपारीबाग

खडू_फळा ताई, अंगावर काटा आला. गुरुजींचं 'मुकी फुले' प्रकरण मुलाने न उमललेल्या कळ्या तोडण्याबद्दल आहे. या पोरीने तो 'मुकी' शब्द उचलून कुठे नेऊन लावला बघा.

अर्धविराम

आणि कुठेही शब्द तोडलेला नाही, प्रत्यय छाटलेला नाही, क्रम मोडलेला नाही. आपण रफारावर भांडत बसलो.

जुनीवही

या कवितेबद्दल मला काही आक्षेप नाही. गुरुजींचाही नसता.

शून्यएक

मला हाताने करायचा कंटाळा. १ एप्रिल २०१३ ला न्यूयॉर्क टाइम्सने एक यंत्र सुरू केलं होतं. रोजच्या बातम्यांमधून पाच-सात-पाच सिलॅबलमध्ये (म्हणजे उच्चारातल्या अक्षरांत) आपोआप बसणारी वाक्यं शोधून हायकू म्हणून दाखवायचं. त्यांना त्यासाठी उच्चारांचा शब्दकोश जोडावा लागला, कारण इंग्रजी स्पेलिंगवरून किती सिलॅबल ते कळत नाही. मराठीत आपण अक्षरं मोजतो, जोडाक्षर एक धरतो, त्यामुळे प्रोग्राम फार छोटा होतो. लिहिला, आणि एका जुन्या कादंबरीच्या मजकुरावर चालवला.

निकाल: ढीगभर हायकू आणि बहुतेक सगळे 'असे म्हणून / ओसरीवर आला / आणि बसला' या जातीचे. (हा नमुना मी तयार केलेला आहे, कादंबरीतला नाही, पण असलेच.) ओसरीताई, तुमचं नाव मुद्दाम घेतलं नाही, जुन्या कादंबऱ्यांत सगळे सारखे ओसरीवरच येऊन बसतात.

ओसरी

कळलं!

पण हे महत्त्वाचं आहे. यंत्राने सलग सतरा अक्षरं उचलली, मधलं काही गाळलं नाही. या खेळात गाळणं हेच तर काम. शिरीष पैंनी मराठीत हायकू रुजवला तो काही अक्षरं मोजून नव्हे. न सांगितलेल्या भागासाठी जागा सोडता आली पाहिजे. यंत्राला सापडतं ते आटोपशीर वाक्य.

शून्यएक

मान्य. तरी पुढच्या खेपेला गाळायलाही शिकवतो त्याला.

पिवळीपानं

जुन्या छपाईची पुस्तकं घेणाऱ्यांसाठी. १९६२ च्या लेखननियमांच्या आधीच्या आवृत्त्यांत 'तें', 'घरीं', 'नाहीं', 'केलें' असे अनुस्वार भरलेले असतात. कविता उतरवताना ते ठेवा. 'नाही' आणि 'नाहीं' वाचताना डोळा वेगळ्या ठिकाणी थांबतो, आणि पुस्तक कोणत्या काळातलं ते एका टिंबात कळतं. मी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' घेऊन बसलोय. १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आलेली, त्यामुळे पाल्हाळ भरपूर आणि आपल्यासारख्यांना माल भरपूर. यमू स्वतःच बोलते, म्हणून पानोपानी 'मी', 'मला' आणि घरातल्या सगळ्यांची नाती सापडतात. सासू, मामंजी, दादा, वहिनी. विशेषणं मात्र कमी. निसर्ग जवळजवळ नाहीच, तेव्हा चंद्र-पाऊसवाल्यांनी इकडे फिरकू नये.

प्रत्यक्ष काम कसं करतो तेही सांगतो. मूळ पुस्तकाला हात न लावता झेरॉक्स काढतो, थोडी मोठी करून. आधी पान वाचायचं नाही. वाचलं की गोष्टीत गुंततो आणि शब्द दिसेनासे होतात. पान उलटं धरून बघतो, मग ठसठशीत शब्द वेगळे दिसतात. पेन्सिलने त्यांना गोल. मग सरळ धरून वाचायचं आणि निम्मे गोल पुसायचे. मार्कर सगळ्यात शेवटी, आणि पाठीमागे रद्दी ठेवून, नाहीतर टेबलावर कविता उमटते. वाचनालयाच्या पुस्तकात असले उद्योग करणाऱ्याला मी स्वतः शोधून काढीन.

तात्पुरता

रात्री सविस्तर म्हटलं होतं, आलो. 'यमुनापर्यटन', बाबा पदमनजी, १८५७. पुस्तक मिळालं नाही, पण पूर्ण नावच पुरेसं लांब आहे: 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. त्यातून:

यमुना
पर्यटन
अथवा
स्थिती

अर्धविराम, 'स्थितीचे' मधून 'स्थिती' आईसारखीच सही सलामत निघाली, बघून घ्या.

अर्धविराम

निघाली. पास.

गवतीचहा

पर्यटन अथवा स्थिती! नदीला विचारलेला प्रश्न वाटतो, आणि त्या यमुनेलाही. नवऱ्याबरोबर गावोगाव फिरून विधवांचे हाल बघणारी आणि पुढे स्वतःच विधवा होणारी ती बाई. नुसतं शीर्षक हातात घेऊन एवढं झालं, पुस्तक मिळालं असतं तर?

जुनीवही

माझ्याकडे 'यमुनापर्यटन'ची एक जुनी पुनर्मुद्रित प्रत आहे. काही पानांचे फोटो काढून देईन. पण माझ्या अटी: प्रत्येक कवितेखाली आधी पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव, मग तुमचा आयडी. आणि जे पान खोडाल ते आधी पूर्ण वाचायचं.

पिवळीपानं

पण आधी वाचलं तर शब्द दिसत नाहीत, हे मी आत्ताच...

जुनीवही

मग दिसेपर्यंत पुन्हा वाचा.

ओसरी

अटी मंजूर. पहिली अट आजपासूनच लावूया, वरच्या सगळ्या कविता संपादित करून घ्या. 'श्यामची आई', साने गुरुजी. 'कोसला', भालचंद्र नेमाडे. जुनीवही, फोटो जरा उजेडात काढा आणि पानाच्या कडा येऊ द्या, मागच्या धाग्यावर कोणीतरी निम्मी ओळ कापली होती.

सुपारीबाग

आणि कोणीतरी त्या वड्यांच्या पोराला मार्क दिले का ते सांगा.

खडू_फळा

दिले. पैकीच्या पैकी. कानही पिळला.